भिंतीतून पाहिले असता

वेलांटीकाकांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नाही, आणि ते नेमकं एका नऊ वर्षांच्या मुलीचं होतं. सव्वीस वर्षं ते पत्र जाडजूड शब्दकोशात ‘भ’च्या पानांत पडून होतं. तेव्हापासून काकांनी ‘भ’चा एकही शब्द कोशात पाहिला नाही. अडलंच तर ‘भीती’ऐवजी ‘धास्ती’ लिहायचं आणि ‘भेट’ऐवजी ‘गाठ’, असं करून त्यांनी वेळ मारून नेली होती.

काका एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे पुस्तक छापायच्या आधी कच्च्या कागदावर जो मजकूर उमटतो, तो वाचून त्यातल्या चुका पेन्सिलीने दाखवायच्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत ते इतके काटेकोर, की पहिल्या वेलांटीच्या जागी दुसरी दिसली तर त्यांच्या घशाला कोरड पडे. छापखान्याने त्यांना वेलांटीकाका म्हणायला सुरुवात केली तेव्हा त्यांची पस्तिशीही उलटली नव्हती. नाव चिकटलं. काकांनी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायला तोंड उघडावं लागतं, आणि तो अवयव त्यांनी चहापुरता राखून ठेवला होता.

पत्र असं होतं:

‘प्रकाशक यांस, स. न. वि. वि. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात पान ३७ वर लिहिले आहे की भिंतीतून पाहिले असता मुंगी मोठी दिसते. मी वर्गाच्या भिंतीतून पाहिले. मुंगी दिसली नाही. सर म्हणाले नीट बघ. मी नीट पाहिले. तरी भिंत किती जाडीची घ्यावी व मुंगी कोणत्या बाजूला ठेवावी ते कळवावे. तुमचे उत्तर येईपर्यंत सर मला पास करणार नाहीत. आपली नम्र, इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक १४.’

घडलं होतं ते असं. लेखकाने ‘भिंगातून पाहिले असता’ असंच लिहिलं होतं. पण जुळाऱ्याच्या, म्हणजे शिशाचे खिळे जुळवून ओळ तयार करणाऱ्या माणसाच्या, ‘ग’च्या खणात एक ‘त’ चुकून पडला होता. ओळ जुळली ती ‘भिंतातून पाहिले असता’ अशी. काकांनी ती वाचली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. भिंत हा शब्द स्त्रीलिंगी! ‘भिंतातून’ कसं होईल? त्यांनी काना खोडला, दुसरी वेलांटी दिली, शेजारी बरोबरची खूण केली आणि त्या दुपारी डबा जरा जास्तच चवीने खाल्ला. व्याकरण वाचलं. मुंगी भिंतीपलीकडे गेली.

पत्र आलं तेव्हा मालकांनी ते काकांच्या टेबलावर टाकलं. “वेलांटी तुमची, उत्तरही तुमचंच.” काका त्याच दिवशी लिहायला बसले. पहिल्या उत्तरात दोष जुळाऱ्यावर ढकलल्यासारखा वाटला, म्हणून फाडलं. दुसऱ्यात इतकी क्षमा मागितली गेली की वाचणारी पोर घाबरली असती. तिसरं बरं उतरलं होतं, पण तिसऱ्यांदा वाचताना एक अनुस्वार राहून गेलेला दिसला. चुकीची कबुली आणि तीही चुकीसकट! असं करता करता परीक्षेचे दिवस गेले. मग वर्ष गेलं. नंतर उशिराचीच लाज वाटू लागली, आणि लाजेमुळे आणखी उशीर झाला. छापखाना बंद पडला, काका निवृत्त झाले, शब्दकोश वरच्या फळीवर गेला.

आणि मग एका सकाळी निमंत्रण आलं. काकूंनी ते मोठ्याने वाचलं, कारण काकांचा चष्मा काकूंच्याच नाकावर होता.

“‘विज्ञान सप्ताहाचा मुख्य कार्यक्रम: भिंतीतून मुंगी पाहणे, वर्ष सव्विसावे. ज्या छापखान्याच्या पुस्तकातून या उपक्रमाची प्रेरणा मिळाली, तेथील हाती लागलेले एकमेव सदस्य म्हणून आपण अध्यक्षस्थान स्वीकारावे.’ अहो, हाती लागलेले म्हणजे काय? तुम्ही काय चोर आहात?”

काकांनी कप बशीत ठेवला. “हो,” ते म्हणाले.

मग त्यांना सगळं सांगावंच लागलं. काकूंनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि परत स्वतःच लावला.

“सव्वीस वर्षं! मला होकार द्यायला अकरा महिने घेतलेत, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.”

“मला वाटलं, पास केलं असेल तिला.”

“भिंतीला कान असतात एवढंच आम्हाला ठाऊक होतं. डोळे तुमच्या पुस्तकाने लावले.”

“मी नाही जात. प्रकृती बरी नाही असं पत्र पाठवून देतो.”

“पाठवाल?” काकू म्हणाल्या. “तुम्ही? पत्र?”

काकांनी जुनं पत्र शब्दकोशातून काढून खिशात घातलं आणि बस पकडली.

शाळेच्या फाटकाशी लाल टपालपेटी होती. तिच्याकडे न बघता काका आत शिरले आणि जागच्या जागी थबकले. मैदानात भिंती होत्या. नुसत्या भिंती, छप्पर नाही, दार नाही, कशाला टेकलेल्या नाहीत. पुरुषभर उंचीच्या, दोन हात रुंदीच्या, वर्गात मुलं उभी राहतात तशा रांगेत उभ्या. प्रत्येकीवर चुन्याने वर्षाचा आकडा. मुलं त्यांच्यामधून शिवाशिवी खेळत होती.

“या, या काका!” एक दणकट गृहस्थ हात झाडत पुढे आला. तो शाळेचा गवंडी होता. शाळेला गवंडी कशाला लागतो, हे विचारायची काकांची छाती झाली नाही. “ही पहिली. दीड विटेची. काही दिसलं नाही. ही एका विटेची. ही अर्ध्या विटेची. ही चौथी, आडव्या विटेऐवजी उभी वीट. मी म्हटलं, वीट उभी राहिली तर तिला लांबचं दिसेल. ही मातीची. ही नुसत्या गिलाव्याची, आत जाळी. हिला तेल पाजलंय.”

“भिंतीला?”

“कागदाला तेल लावलं की पलीकडचं दिसतं ना? तसं. अकरा डबे प्यायली, ढिम्म. पण पावसात ओलावा म्हणून धरत नाही हं अजून.”

“भोक पाडून बघितलं नाही?”

गवंड्याने जीभ चावली. “हेडसरांसमोर बोलू नका. भोकातून बघितलं तर ते भोकातून झालं. पुस्तकात भिंतीतून लिहिलंय.”

मग काकांना एकेक कळत गेलं. गावात मुंगी समिती होती. तीत दोन तट होते: काळी मुंगी घ्यावी म्हणणारे आणि लाल घ्यावी म्हणणारे. दोघांत सात वर्षं बोलणं नव्हतं. वाण्याने मुंग्यांसाठी साखर देण्याचं व्रतच घेतलं होतं. प्रयोगवहीत पंचवीस पिढ्यांच्या चौथीने एकच वाक्य लिहिलं होतं: ‘निरीक्षण: दिसली नाही. अनुमान: भिंत जाड असावी.’ प्रत्येक नोंदीगणिक काकांचे खांदे एकेक वीट खाली येत होते. एका वेलांटीने इतकं बांधकाम केलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

इतक्यात चौथीच्या वर्गातून हजेरीचा आवाज आला. पस्तिशीच्या बाई आकडे पुकारत होत्या.

“बारा.”

“हजर!”

“तेरा.”

“हजर!”

“चौदा,” बाई म्हणाल्या, आणि स्वतःच “हजर” म्हणून स्वतःच खूण केली. “पंधरा.”

काकांनी दाराची चौकट धरली.

हजेरी संपल्यावर बाई बाहेर आल्या. त्या शाळेच्या विज्ञानाच्या शिक्षिका होत्या. पाहुण्यांचा चेहरा पाहून त्या हसल्या. “चौदा नंबरचं ऐकून दचकलात ना? सगळेच दचकतात. माझा चौथीचा निकाल राखून ठेवलाय. छापखान्याचं उत्तर येईपर्यंत.”

“पण... तुम्ही तर शिकवता.”

“पाचवीला तात्पुरता प्रवेश मिळाला. मग सहावीला. दहावी, पदवी, नोकरी, सगळं तात्पुरतं. लग्नाच्या कागदावरसुद्धा आमच्या सासऱ्यांनी गमतीत ‘तात्पुरतं’ लिहिलंय. नवरा अजून त्यावरून धमकी देतो.”

“पण ते भिंग...” काका दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाले. “भिंग असावं बहुतेक ते.”

“ते मला पाचवीतच कळलं, काका. नव्या आवृत्तीत नीट छापलं होतं. मी धावत सरांकडे गेले. सर म्हणाले, ती नवी आवृत्ती. तू परीक्षा जुनीवर दिलीस. छापणाऱ्यांनी चूक झाली असं लिहून दिलं, तरच जुनं बदलेल. गावालाही सांगितलं मी. पण तोवर गवंडीकाकांनी दुसऱ्या भिंतीचा पाया काढला होता.”

“मग आता काय अडलंय?” काकांनी विचारलं. उत्तर आपल्याला नको आहे, हे त्यांना विचारता विचारताच कळलं.

“हेडसर या महिन्यात निवृत्त होतात. त्यांच्या जागी माझं नाव आहे. अर्जात पहिलाच प्रश्न: ‘चौथी उत्तीर्ण आहात काय?’ खोटं लिहायचं नाही मला. आणि खरं लिहिलं, तर बाहेरून दुसरे येतील. येणारे आधीच म्हणालेत, चौथी नापास बाई शाळेत नको, आणि या भिंतीही नकोत.” बाईंनी पदराने हाताचा खडू पुसला. “ती वेलांटी कोणी दिली असेल हो? तुम्ही होतात ना तिथे?”

हीच वेळ होती. खिशातलं पत्र छातीवर ठक्ठक करत होतं. काकांनी तोंड उघडलं.

“यंदा ऊन लवकर तापलं,” ते म्हणाले.

बाईंनी आभाळाकडे पाहून मान डोलावली. काकांना स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण अध्यक्षाने तसं करणं बरं दिसलं नसतं.

कार्यक्रम सुरू झाला. व्यासपीठावर काका आणि हेडसर. हेडसर म्हणजे ओळंब्यात उभा केलेला माणूस; डोक्यापासून टाचेपर्यंत एक रेघ. सव्वीस वर्षांपूर्वी चौथीचा वर्ग त्यांच्याकडेच होता. “मी तिला नापास केलं नाही,” ते काकांच्या कानाशी म्हणाले. “शंका आली की निकाल राखून ठेवायचा. विज्ञान म्हणजे दुसरं काय?”

समोर सव्विसाव्या भिंतीवर चादर होती. गवंड्याने ती ओढली आणि मैदानातून “अबब” असा आवाज उठला. भिंत काचेच्या गोल चंबूंची होती, प्रयोगशाळेतल्या. प्रत्येकात काठोकाठ पाणी, तोंडाला बूच, आणि मध्ये चुना. उन्हात ती नुसती लखलखत होती.

“ही भिंत आहे काय?” लाल मुंगीवाल्यांपैकी कोणी ओरडलं.

हेडसर खाली उतरले. त्यांनी ओळंबा लावला, दोरा स्थिर होईपर्यंत थांबले, चुना नखाने खरवडला. “ओळंब्यात आहे. चुन्यात आहे. भिंत आहे,” त्यांनी निकाल दिला.

“कल्पना बाईंची,” गवंडी काकांना खालून म्हणाला. “पाण्याने भरलेला गोल चंबू भिंगाचं काम करतो म्हणे. मी म्हटलं, भिंगाचं काम मला येत नाही, भिंतीचं येतं. बाई म्हणाल्या, तुम्ही भिंतीचंच करा.”

मुंगी काळी होती. पलीकडच्या बाजूला चंबूला लागून फळी, फळीवर साखर, साखरेवर मुंगी. अलीकडे चौथीतली पहिल्या नंबरची पोर डोळा लावून बसली.

“दिसली!” पोर किंचाळली. “मोठी दिसली! मिशा दिसल्या!”

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. लाल गट म्हणाला, हा डोंगळा आहे, फसवणूक आहे. काळ्या गटाने डोंगळा आणून शेजारी ठेवला, तो सरड्याएवढा दिसला आणि पुढच्या रांगेतल्या एक आजी उठून गेल्या. वाणी रडत होता. गवंडी आपल्याच भिंतीच्या पाया पडत होता. बाई मुलांना ओळीत उभं करत होत्या, प्रत्येकाला बघायला लावत होत्या, आणि त्यांचा चेहरा चौथीतल्या मुलीसारखा झाला होता.

हेडसर मात्र व्यासपीठावर परत आले. त्यांनी पिशवीतून पिवळा पडलेला कागद काढला. काकांनी तिरक्या डोळ्याने वाचला. ‘प्रश्न ३. भिंतीतून पाहिले असता मुंगी कशी दिसते? उत्तर: दिसत नाही.’

“झालं,” हेडसर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच ओळंब्यातून जरा हलला. “पुस्तक खरं ठरलं. भिंतीतून मुंगी मोठी दिसते. म्हणजे हिचं उत्तर चूक. आता राखून ठेवायला कारण उरलं नाही.” आणि त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

“बाईंना माहीत होतं हे?”

“कालच सांगितलं मी तिला. म्हणाली, माझं राहू द्या सर, मुलांना दिसली पाहिजे.”

काकांच्या आत काहीतरी उभं राहिलं. मागाहून त्यांच्या लक्षात आलं की ते स्वतःच उभे राहिले होते. त्यांनी माईक धरला. माईकने शीळ घातली.

“थांबा,” काका म्हणाले. “ते भिंतीतून नाही. भिंगातून.”

“काय म्हणाले?” मागून कोणी विचारलं.

“भिंतीतूनच म्हणाले.”

“नाही! ग! ग!” काका ओरडले. “पुस्तक चुकलं होतं! वेलांटी माझी आहे!”

“काय हरवलंय त्यांचं?” मागून पुन्हा आवाज. “कोणाला सापडली असेल तर देऊन टाका रे!”

काकांनी मग माईक सोडला आणि खिशातलं पत्र हेडसरांच्या हातात दिलं. ते त्यांनी वाचलं. बाई जवळ आल्या. स्वतःचं नऊ वर्षांचं अक्षर पाहून त्या व्यासपीठाच्या पायरीवरच बसल्या. काकांनी खण सांगितला, खिळा सांगितला, काना आणि वेलांटी सांगितली, पाच फाडलेली उत्तरं सांगितली.

गवंडी पुढे झाला. “म्हणजे या माझ्या सव्वीस भिंती...”

“माझ्या चुकीच्या आहेत,” काका म्हणाले. आता हा माणूस आपल्याला थापीने मारणार, आणि ते योग्यच होईल, असं त्यांना वाटलं.

गवंड्याने रांगेवरून नजर फिरवली. “बरं झालं चुकलात. नीट छापलं असतंत तर मला कोण बोलावत होतं?”

“ऐकलंत, सर?” काका हेडसरांकडे वळले. “तिला दिसली नाही, कारण दिसणारच नव्हती. तिचं उत्तर बरोबर होतं. पेन बंद करा.”

“मी ऐकलं,” हेडसर म्हणाले. “पण तोंडी ऐकून कसं चालेल? निकालावर शेरा आहे: ‘पत्राचे उत्तर येईपर्यंत राखीव’. पत्राला पत्र हवं. टपालाने हवं. पाकिटावर शिक्का हवा.”

“मी इथेच उभा आहे ना!”

“तुम्ही उत्तर नाही. तुम्ही पाहुणे.”

सव्वीस वर्षं टाळलेलं काम मग काकांना चौथीच्या बाकावर बसून करावं लागलं. गुडघे बाकाला लागत होते. सबंध वर्ग भोवती गोळा झाला होता. एका मुलीने वहीचं पान दिलं, एकीने पेन दिलं.

‘चि. क्रमांक चौदा हिस अनेक आशीर्वाद,’ काकांनी लिहिलं. ‘तुझे पत्र मिळाले. उत्तरास थोडा उशीर झाला.’

“थोडा?” पंधरा नंबर म्हणाला.

काकांनी ‘थोडा’ खोडलं. ‘पान ३७ वर भिंतीतून असे छापले आहे ते चुक आहे.’

“आजोबा, चूकमधला चू दुसरा!” तीन मुलं एकदम ओरडली.

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. उकार सुधारून त्यांनी पुढे लिहिलं. ‘तेथे भिंगातून असे हवे. ती वेलांटी मी दिली. तुला मुंगी दिसली नाही हे तुझे निरीक्षण बरोबर होते. पुस्तकापेक्षा तू नीट पाहिलेस. भिंतीच्या जाडीबद्दल विचारले होतेस. ती चंबूएवढी असावी, आणि मुंगी पलीकडच्या बाजूला. हे मला आजच समजले.’

खाली सही केली. आता वाचायचं. छापखान्यात चौतीस वर्षं काकांनी तीनदा वाचल्याशिवाय कागद हातावेगळा केला नव्हता. त्यांनी चष्मा नीट केला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, आणि बाईंकडे पाहिलं. त्या नुसत्या उभ्या होत्या, हजेरी घेणाऱ्यासमोर मुलं उभी असतात तशा.

काकांनी बोट उचललं, कागदाची घडी घातली आणि ती पाकिटात सरकवली. हेडसरांनी आपल्याजवळचं तिकीट दिलं. एवढी सूट विज्ञानात बसते, असं ते म्हणाले. पाकीट घेऊन काका फाटकाकडे निघाले. मागून चौथीचा वर्ग, गवंडी, वाणी, दोन्ही मुंगी गट आणि गावचा पोस्टमन. “माझ्याकडेच द्या की,” तो म्हणाला. “उद्या मलाच आणायचंय.”

“पेटीतून,” हेडसर म्हणाले.

काकांनी पाकीट पेटीच्या फटीत अर्धं घातलं आणि त्यांचा हात थांबला.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “मी चौथ्या ओळीत भिंगातून लिहिलं की पुन्हा भिंतीतून?”

“कोण जाणे,” बाई म्हणाल्या. “पण आता काढू नका, काका.”

काकांनी डोळे मिटले आणि पाकीट सोडलं. आत टप् असा आवाज झाला.